सहावी कणगी

कर्लिंगच्या हॉलमध्ये अजून बर्फ घातलेला नाही.
घडीच्या खुर्च्यांवर आम्ही साठेक जण,
अंगात गुरांपुढे जाताना घालतो तेच कोट.
रेजायनाहून आलेला मुलगा पडद्यावर रेघ दाखवतो :
ही गेल्या पाच वर्षांची, ही येत्या दोन वर्षांची.
पुढची रेघ तुटक.
तुटक का, डेल ओस्ट्रोव्स्की विचारतो.
तो अंदाज आहे, मुलगा म्हणतो.
माझ्या बापानं कुंपण असंच घातलं होतं, डेल म्हणतो,
गाई नेमक्या तिथूनच गेल्या.
सगळे हसतात. मुलगाही, जरा उशिरा.

मसूर आम्ही पेरतो, खात नाही.
आईच्या वहीत बटाट्याचे एकोणीस प्रकार, मसुराचा एकही नाही.
तो शिजतो समुद्रापलीकडच्या कुठल्याशा चुलीवर.
त्या बाईला माझं नाव माहीत नाही, मला तिचं.
पण तिच्या सरकारनं आयातीवर दहा टक्के चढवले
की माझ्या कणगीतला दाणा
जागच्या जागी हलका होतो.
वजन तेवढंच भरतं. एकदा वेड्यासारखं तोलून पाहिलंय मी.

दिल्लीत दुपार असते तेव्हा इथे रात्रीचे दोन.
फोन उशाशी. व्हर्न कूस बदलून विचारतो, काही आलं?
नाही, झोप.

थोरला, कॉर्बिन, म्हणतो बिनचालकाचं पेरणीयंत्र भाड्यानं घेऊ.
त्याला केबिनच नाही.
मग डबा ठेवायचा कुठे, मी विचारलं.
डबा घरी, आई. तूही घरी.

मे महिन्यात आठवडाभर आलं होतं ते, नमुन्याला.
दिवे लावून रात्रभर फिरलं, तास जराही वाकडा नाही,
आणि पहाटे साडेतीनला थांबलं.
कॉर्बिनच्या फोनवर फोटो : अडथळा, ओळख पटत नाही.
तो झोपलेला. मीच गाडी काढली.

दगड होता. बसलेल्या मेंढीएवढा.
इथली जमीन दर हिवाळ्यात एखादा वर ढकलते,
आणि मसूर तर घोट्याएवढा, शेंगा मातीला टेकलेल्या,
कापणीचं पातं भुई चाटत जातं.
एक दगड लागला की वर्षाचा नफा खडखडत बाहेर येतो.
म्हणून लहानपणी शनिवारभर वेचायचो आम्ही भावंडं,
तासाला पन्नास सेंट, बोटांची सालं निघेपर्यंत.
हा तेव्हाही हलला नव्हता.
राहू दे त्याला, वडील म्हणाले होते, वळसा घाला.
पन्नास वर्षं घातला वळसा.
कुठे लिहून ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

पडद्यानं विचारलं : अडथळ्याचं नाव?
दिव्याच्या झोतात उभी राहून मी टाइप केलं
*दगड. जुना.*
यंत्रानं आभार मानले आणि
वडिलांपेक्षा सुबक वळसा घातला.

मुलगा आता बंदरांवर आलाय.
व्हँकुव्हरला संप झाला तर,
ऑस्ट्रेलियाचं पीक चांगलं आलं तर,
मूळकूज पसरली तर त्याच रानात आठ वर्षं मसूर नाही.
प्रत्येक 'तर'ला वेगळा रंग दिलाय त्यानं.
कॉफी गार झाली.
पाच कणग्या एकतीस सेंटांनी गेल्या. सहावी ठेवलीये.
व्हर्न म्हणतो वीक, कॉर्बिन म्हणतो मार्चपर्यंत थांब.

प्रश्न? मुलगा विचारतो.
मी हात वर केला.
तू मसूर खाल्लायस का रे?
तो गोंधळला. हो, म्हणाला.
खालच्या मजल्यावरचं कुटुंब रविवारी वाटी पाठवतं.
लिंबू पिळायचं वरून.
कुणी हसलं नाही.
पुढच्या रांगेतली लव्हर्न डिक पेन शोधू लागली.

कणगीत तारा सोडल्यात, तापमान फोनवर येतं. नऊ अंश.
तरी घरी येऊन शिडी चढले,
झाकण उघडून कोपरापर्यंत हात घातला.
थंड. कोरडा. मार्चपर्यंत टिकेल.
मूठभर कोटाच्या खिशात घेतला,
आणि खाली उतरताना आठवलं,
घरात लिंबू नाही.