एकोणिसाचे बारा

एकतीस डिसेंबर. दुकानामागच्या मोकळ्या जागेत
पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली.
भिकनशेठनं स्वतः बडगीत भरीत ठेचलं,
कळण्याच्या पुऱ्या त्याच्या घरून आल्या.
मी तीनदा हात धुतले तरी
घासाला वास वार्निशचाच.

भाजल्या वांग्याचं साल सोलावं
तशी मी जळालेली मोटर सोलते,
चोपड्यात, याच बाकावर, सतरा वर्षं.
काळं तांबं उपसायचं, खाचा खरवडायच्या,
नवा कागद, नवी तार,
एकेका खाचेत मोजून वेढे.

गेल्या वर्षी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं होतं:
जळगावात हायवेला स्वतःचं दुकान.
हाताखाली चार पोरं.
सुपरवायझरची परीक्षा.
पहाटे पाचला उठणे.
पाचला उठले नऊ दिवस.
दहाव्या दिवशी गोधडी म्हणाली, पमे, झोप.
परीक्षेचा फॉर्म अजून खणात आहे,
त्यावर तेलाचा ओघळ,
तापीसारखा पश्चिमेला गेलेला.

यंदा आधी वही काढली.
दोनशे बारा मोटरी भरल्या.
एकोणीस परत आल्या.
त्यांच्यासमोरच्या वेळा पाहिल्या
(वेळ लिहायची सवय आयटीआयच्या सरांनी लावली,
तेवढी एकच टिकली),
तर एकोणिसांतल्या अकरा
संध्याकाळी सातनंतर मिटवलेल्या.
काही तर मला आठवतात:
खांद्याशी दाबलेला फोन, फोनमध्ये नणंद,
आणि बोटं आपली मोजताहेत
असं मी धरून चाललेले.
बोटं मोजत नाहीत. बोटं नुसती फिरतात.

भिकनशेठला सांगितलं, यंदा एकोणिसाचे बारा.
पुरी हातातच राहिली त्याची.
"बारा? शून्य का नई व माय?
तीन तेरा नऊ बारा करशी का दुकानना!"
मी म्हटलं, शेठ,
बोअरला वाळू येते ती माझ्या हातात नाही.
रात्री साडेबाराला येऊन पाच वेळा जाणारी लाइट
माझ्या हातात नाही.
माझ्या हातात तार आहे आणि मोजणं.
तेवढ्याचा हिशोब सात निघतो.
शून्य तुम्ही पाटीवर रंगवून घ्या.

दुसरी गोष्ट कुणाला सांगितली नाही.
गोरगावल्याचे धुडकूअण्णा दाराशी उभे राहिले
की माझ्या तोंडून आपोआप निघतं: सकाय या.
आमच्या बोलीत उद्याही सकाय, सकाळही सकाय,
त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटतच नाही;
कुठली तरी सकाळ उजाडतेच.
अण्णांनी गेल्या माघात चार वेळा एसटीचं तिकीट काढलं.
चौथ्यांदा काही बोलले नाहीत.
बाकावर बसून शेंगा सोलल्या,
टरफलं सदऱ्याच्या खिशात भरून घेऊन गेले.
दुकानात कचरा नको म्हणून.
ती टरफलं मला अजून टोचतात.

आता वार सांगायचा.
गुरुवार असेल तर गुरुवार.
जमणार नसेल तर समोरच्या बाबूलालकडे पाठवायचं.
यानं माझं पोट दुखेल.
दुखू दे.

हायवेचं दुकान?
आहे. खोडलेलं नाही.
फक्त पेन्सिलनं लिहिलंय,
आणि त्याखाली फॉर्मची शेवटची तारीख, पेननं.

एक जानेवारी. शटर अर्धं वर.
बोलताना तोंडातून वाफ, चहाचा पत्ता नाही.
फोन रिळांच्या डब्यात, डब्याला झाकण.
पहिली मोटर लासूरची, साडेसात हॉर्सपॉवर.
वार्निश सुकायचा एक दिवस धरून
चिठ्ठीवर लिहिलं: शनिवार.
मग वेढे मोजायला घेतले,
मोठ्यानं, पाढे म्हणणाऱ्या पोरीसारखे.
डब्यात फोन थरथरला.
शटरखालून कुणीतरी वाकून म्हणालं,
पमाताई, हॅपी न्यू इयर!
मी मान न वळवता
डावा हात वर केला,
थांबा,
छत्तीस.
सदतीस.