लिफ्ट नंबर दोन

शारजात माझ्या नावावर एकोणचाळीस लिफ्ट आहेत.
मालकीच्या नव्हेत, देखभालीच्या.
कान लावला की कळतं मला
कुठली पुली झिजली,
कुठला दरवाजा मिटताना क्षणभर अडतो.
यंत्रं बोलतात, असं नव्या पोरांना मी शिकवतो.

आणि घरी कौस्तुभ,
सहा वर्षांचा, न बोलणारा,
दाराच्या कडीकडे बघत एकच सूर धरतो:
सपाट, लांबट, शेवटी जरासा थरथरणारा.
त्याला मी गप म्हणत आलो.
कधी समजावून. कधी, खोटं कशाला सांगू, हात उगारून.

देवरुखची आत्या व्हिडिओवर सांगायची,
मुलगे उशिराच बोलतात रे, गाऱ्हाणं घाल.
वृंदा ऐकून घ्यायची, मग राग भांड्यांवर काढायची.
भांडी वाजली की तो कान झाकायचा,
झाकलेले कान बघून ती रडायची.
बाहेर पंचेचाळीस अंश.

डॉक्टरांनी शब्द सांगितला, ऑटिझम.
मग फी सांगितली.
विम्याच्या कागदांत तो शब्द कुठेच नव्हता.
पार्किंगमध्ये एसी लावून मी तसाच बसून राहिलो.
मागे कौस्तुभ पट्ट्याची क्लिप
उघडत होता, लावत होता, उघडत होता.

पत्ता दिला तो वॉचमन गुलरेजने.
माझ्या भावाचा मुलगा असाच आहे, म्हणाला, स्वातला,
तिथे कोण काय करणार.
इथे रोलाला, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत,
शुक्रवारी आईबाप जमतात. जा.
महिनाभर ती चिठ्ठी पाकिटात राहिली.

मग गेलो.
सतरंजी, खजूर, थर्मासमधला चहा.
कोट्टायमची शीजा, रात्रपाळी करून तशीच आलेली.
खार्तूमची इनाम; तिची तस्नीम बारा वर्षांची,
फक्त पांढरं जेवते: भात, दही, सोललेलं सफरचंद.
बिचारा असं कुणी कुणाला म्हटलं नाही.
कौस्तुभ टेबलाखाली जाऊन बसला,
तर इनामने टेबलावरून चादर सोडली,
एक दिवा मालवला
आणि चहा ओतत राहिली.
एवढंच.
सहा वर्षांत त्याला कुणी अशी खोली दिली नव्हती.

निघताना ती म्हणाली, थोडी हिंदी, थोडे हातवारे,
तो गातो ते कधी गातो, लिहून ठेव.

लिहिलं, जॉबकार्डांच्या मागे.
सकाळी सात दहा, चपला दिसल्यावर.
संध्याकाळी, दाराशी.
शनिवारी, वृंदाने पिशवी उचलली तेव्हा.
नवव्या नोंदीला पेन थांबलं.
हा तर आमच्याच इमारतीतल्या लिफ्ट नंबर दोनचा सूर,
चौथ्यावरून उतरतानाचा,
आणि शेवटची थरथर म्हणजे तळाशी लागणारा ब्रेक.
बाहेर.
तो म्हणत होता, बाहेर.
रोज, न थकता,
एकोणचाळीस लिफ्टांचं ऐकणाऱ्या माणसाला.

चमत्कार काही नाही.
फी तेवढीच, आता हप्त्याने.
व्हिसा फेब्रुवारीत संपतो, पुढे कुठली शाळा ठाऊक नाही.
आत्याला मी स्वतःच सांगितलं.
ती गप्प झाली, मग म्हणाली, जेवतो ना नीट?

आज सर्व्हिसिंगच्या यादीत लिफ्ट नंबर दोन आहे.
ब्रेकची थरथर काढायला वीस मिनिटं पुरतात,
काढायलाच हवी.
पण न सांगता कुणाचा शब्द कसा बदलायचा?
पाना खाली ठेवून मी वर गेलो,
दाराशी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो
आणि जमेल तसा
तो सूर लावला.