चौथं सॉकेट

शहाद्याच्या मैदानावर सकाळी सातला
मी टेबलाखाली वाकून बसलोय, दातांत टॉर्च.
समोर काळा डबा,
चित्राच्या कोपऱ्यात वेळ छापणारा.
धुळ्याच्या भंगारात मिळाला, तीनशे रुपयांना.
एरवी मी लग्नं काढतो. तिथे हा कुणालाच नको असतो;
टळलेला मुहूर्त कॅसेटवर कशाला?

मागे चार सॉकेटं.
एक : सुरू. दोन : थांब. तीन : शून्य.
चौथ्याचं नाव घासून गेलेलं.
मेनूत जाऊन प्रत्येकाला सांगावं लागतं,
जोडलं गेल्यावर जागं व्हायचं की तुटल्यावर.
एकला म्हटलं, जोडल्यावर. बंदुकीच्या खटक्याला पत्र्याची चिमटी लावली.
दोनला म्हटलं, तुटल्यावर. शेवटच्या रेषेवर दोरा,
दोऱ्याला क्लिप.
छाती लागली की सुटेल.

तेवढ्यात घड्याळ आपणहून धावायला लागलं.
बंदूक पेटीत, भामरे सर चहाला,
आणि आकडे पळताहेत : सात सेकंद, आठ, नऊ.
"हाई काय शे भो?" मांडववाला म्हणाला.
काही नाही. एकची तार दुसऱ्या टोकाला मोकळी होती.
कुठेच न बांधलेली तार सगळंच ऐकते,
जनरेटर, माईकची शिट्टी,
उसाचा ट्रॅक्टर गेला तरी दचकते.
दहा किलोओहमचा रोध घालून
तिला पाच व्होल्टशी बांधली.
गप्प झाली.

मग थरथर.
खटका एकदाच दाबला तरी पत्रा पत्र्यावर
पाच-सहा वेळा नाचतो,
डब्याला वाटतं सहा शर्यती सुटल्या.
त्याला सांगितलं : पहिल्याचंच ऐक,
पुढचे वीस मिलिसेकंद कान झाक.

"हिला ऐकूच येत नाही," मागून झाल्टे बाई म्हणाल्या.
रायकी पावरा, नववी, अनवाणी,
डब्याकडे बघत उभी.
"शेजारणीचा खांदा हलला की सुटते.
म्हणून कायम दुसरी."

मी पुन्हा मेनूत शिरलो.
चौथं इनपुट नव्हतंच.
ते आत घेणारं नव्हतं, बाहेर सांगणारं होतं :
एकला कळलं की त्याच क्षणी चार बोलणार.
मोटरसायकलचा डावा इंडिकेटर काढला,
रिले, बॅटरी, तीस मीटर वायर,
आणि तिसऱ्या पट्ट्यात, तिच्या बोटांपुढे
पिवळा दिवा मातीत रोवला.

पहिल्या फेरीनंतर एक विज्ञानाचे मास्तर आले, वही घेऊन.
"उजेड आवाजाच्या आधी पोचतो.
आठ मीटरला तेवीस मिलिसेकंद.
हिला फायदा आहे."
गणित बरोबर होतं.
बल्बची तार तापायला किती घेते,
ते मी मोजलं नव्हतं. तसं सांगितलं.
डोळा कानापेक्षा हळू, असंही कुठंतरी वाचलेलं,
पण कुठं ते आठवेना.
पंचांनी पाच मिनिटं घेतली :
पळू द्या. नाव मात्र यादीत नको.

बंदूक. दिवा.
दोरा तुटला. तेरा पूर्णांक बेचाळीस.
यादीतली पहिली मागून आली, तेरा अठ्ठावन्न.
तिच्या मागे चार फ्रेम.
तिला ढाल मिळाली, ती रडलीही.
रायकीने हातानेच विचारलं, किती?
मी पडदा फिरवला.
तिने आकड्यांवर बोट ठेवलं, एकेकावर,
काच गरम असते ना तसं झटकन उचललं,
पुन्हा ठेवलं.

संध्याकाळी वायर गुंडाळताना
ती रिकामा खटका दाबत बसली होती.
दिवा लागायचा, घड्याळ सुटायचं,
ती बघत राहायची. दोन कुणीच तोडत नव्हतं.

मांडव उतरला. मी निघालो.
लोणखेड्याच्या वळणावर
डावा हात बाहेर काढून वळलो.
इंडिकेटर तिच्याकडेच राहिला होता.