वळण

नदी इथून निघून गेली, त्याला जमाना झाला.
मागे राहिलं ते तिचं वळण,
घोड्याच्या नालासारखं, पाण्यानं भरलेलं.
आता त्याला तळं म्हणतात
आणि तंबूसाठी रात्रीचे बारा डॉलर घेतात.

सतरा नंबरची जागा आमची, दर ऑगस्टला.
व्हर्लिन आधी चुलीची जाळी खरवडतो:
आधीच्या कोणाच्या तरी सॉसेजची चरबी.
मग थेट नावेकडे.

पंचावन्न फुटी नाव. जुन्या मोहिमेतल्या
नावेची हुबेहूब प्रतिकृती, असं पाटी म्हणते.
कुठली फळी कुठल्या साली कुजली
ते नवऱ्याला विचारा.
पोरांना बसवून तो तळ्यात एक फेरी मारतो.
वल्ह्यांच्या मागे मोटर लपवलेली आहे,
सगळ्यांना माहीत आहे,
कोणी बोलत नाही.

मोहिमेतली माणसं रोज लिहीत होती:
वारा दक्षिणेचा. हरणं दोन.
डास फार.
डासांची खात्री मीही देते.

शनिवारी नदीपलीकडून लोरेटा वॉकर आली,
ओमाहा लोकांतली. मांडीवर रानप्लमच्या जॅमची बरणी.
चष्मा पुसून तिनं पाटी वाचली:
'पोचले तेव्हा गाव रिकामं होतं.'
रागावली नाही. नुसती म्हणाली,
"शिकारीला गेले होते.
दर उन्हाळ्यात जायचे, म्हातारेकोतारे,
तान्ही पोरं, कुत्रीसुद्धा.
न कळवता आलेल्या पाहुण्याला
दार बंदच दिसणार."
झाकण अडकलं होतं, ते माझ्याकडून उघडून घेत,
"बंद घराला रिकामं म्हणायची खोड वाईट."

व्हर्लिननं तिला नावेत पुढच्या बाकावर बसवलं.
नेहमीचं भाषण सुरू केलं,
पाटीवरच्या त्या वाक्यापाशी आला
आणि पुढे नुसती मोटर ऐकू येत राहिली
काठाला लागेपर्यंत.

रात्री कॉटनवुडची पानं
पाऊस नसताना पावसासारखी वाजत होती.
मला जाग आली तर शेजारची पथारी मोकळी.
तळ्याकडे टॉर्चचा ठिपका,
पाटीसमोर, बराच वेळ न हललेला.

सकाळी दात घासायला जाताना पाहिलं.
सुताराची जाड पेन्सिल, त्याचं गिचमिड अक्षर:
'लोक बाहेरगावी होते. परत आले.'

रेंजर पोरगी खोडरबर घेऊन आली,
वाचलं,
आणि आमच्या तंबूची पावती तपासून गेली.