अडतीस टक्के

लॉइड हॉकिन्सन किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे,
त्याच्या मागे मी, आणि माझ्या मागे
गेरिटच्या विम्याचे पैसे,
असे आम्ही त्या इमारतीत शिरलो.

आयोवातला जानेवारी.
पार्किंगमध्ये नऊ गाड्या आणि मळक्या बर्फाचे ढीग.
"बासष्ट टक्के भरलेली आहे," लॉइड म्हणाला.
मी एकतीस वर्षं विद्यापीठाच्या फी-खिडकीत काढली.
वजाबाकी मला कुणी सांगावी लागत नाही.

भरलेल्या खोल्यांत कानाची यंत्रं विकणारा एक जण,
करविवरणं भरणारी, एकमेकांशी अबोला धरलेली दोन भावंडं,
लग्नाआधी सल्ला देणारी बाई
आणि तिच्या समोरच्याच दारात घटस्फोटाचा वकील.
उरलेल्यांत
गालिच्यावर टेबलांच्या पायांचे खळगे,
आणि दोनशे सातमध्ये, खिळ्याला, कुठल्याशा वर्षीचा
उलटायचा राहिलेला मार्च.
आम्ही पुढे गेलो की दिवे लागायचे,
आणि आमच्या पाठीमागे आपापले विझायचे.

"रिकामी आहे म्हणून तर परवडते," लॉइड म्हणाला,
"गाव विद्यापीठाचं. पोरं येतच राहणार."
पोरं येतात खरी. त्यांच्या पावत्या मीच फाडल्या.
येतात, आणि मे महिन्यात
गाद्या रस्त्याकडेला टाकून निघून जातात.
हे त्याला बोलले नाही.
सही केली.

बॉयलरला टक्के कळत नाहीत.
तो भाडेकऱ्याला देतो तेवढीच ऊब भाकड खोलीला देतो,
आणि बिल मला.
गेरिटने जन्मभर विद्यापीठाचे बॉयलर सांभाळले.
म्हणायचा, कुणी नसलं तरी तापवावं लागतं,
नाहीतर पाइप फुटतात, आणि पाणी
नेमकं राहत्या माणसाच्या डोक्यावर येतं.
घरी त्याच्या खोलीचा हीटर
मीही अजून बंद केलेला नाही.

फेब्रुवारीत एका रात्री रस्त्यावरून
दोनशे सातमध्ये उजेड दिसला.
पहिला विचार, लाज वाटते सांगायला,
भाडेकरू मिळाला!
जिना धापा टाकत चढले.

आत एक मुलगी, कोट अंगावर तसाच,
जमिनीवर कागद, कागदांवर मातीच्या पुड्या.
सेलामाविट. कृषी विभागाची. पीएचडीचं पाचवं वर्ष.
घरात चौघी आणि एकीचं तान्हं बाळ.
रखवालदार एमेटने किल्ली दिली होती.
"मी निघते," म्हणाली, आणि पुड्या गोळा करू लागली.

काय लिहितेस, मी विचारलं.
"जमीन पडीक ठेवली की तिच्यात काय काय साठतं, ते मोजते."
भाडं साठतं का?
ती हसली नाही. खरोखर विचारात पडली.
"तेवढं सोडून," म्हणाली.

सकाळी एमेटला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन आला,
नोकरी गेली असंच धरून.
मी म्हटलं, दोनशे सातचं तापमान दोन अंशांनी वाढव,
आणि तिथे एक टेबल नेऊन ठेव. ते डुगडुगणारं नको.

बँक दर तीन महिन्यांनी तक्ता पाठवते.
मी अजून अडतीसच लिहिते.
लॉइडचा फोन येतो, कुणी विचारतंय का?
अजून तरी नाही, मी सांगते.

मार्च तेवढा भिंतीवर राहिलेला नाही.
तो खिळा तिला कोटासाठी लागला.