गुरुवार, पहाटे साडेपाच

तुर्भ्याच्या पोराकडून घेतला तेव्हा
त्याचा एक यूएसबी मेलेलाच होता.
नऊशे म्हणाला, सातशेला दिला.
चार्जर नाही, डबी नाही, नुसता हिरवा बोर्ड
अर्ध्या पोस्टकार्डाएवढा.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला मी
सोल्डरिंगच्या टोकाने भोकं पाडली.
प्लास्टिक जळल्याचा वास, आणि त्याखाली
जुन्या वेलचीचा.
सोळा जीबीच्या कार्डावर लिनक्स घातलं.
पहिल्यांदा उठलं तेव्हा टीव्हीवर ओळीने चार पेंग्विन
आणि खाली धो धो अक्षरं.
"बदकं कोनाची गो ही?" आबांनी विचारलं.

काम एवढंच: गच्चीवरच्या टाकीत पाणी किती
ते मिनिटाला एकदा बघायचं, लिहून ठेवायचं,
टाकी भरत आली की पंप बंद करायचा.
साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवर आमची चार मजली इमारत,
सोळा घरं,
आणि पाण्यावरून होणाऱ्या भांडणांवर
एवढासा उतारा.

पण ह्याच्या घड्याळाला सेल नाही.
लाईट गेली की ते वेळ विसरतं,
आली की बिनदिक्कत सांगतं
गुरुवार, एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर,
पहाटेचे साडेपाच.
असल्या सगळ्या यंत्रांचं शून्य तिथेच आहे.
लंडनला तेव्हा मध्यरात्र. गोठिवलीला साडेपाच.

आबांना मी हे गंमत म्हणून सांगितलं.
ते हसले नाहीत.
अंगठ्याने बोटांची पेरं मोजत बसले.
"नवमी, नायतं दशमी. भांगाचं पानी.
भरती लागली आसंल, पन जोर नाय.
बापूस उघारीवर गेला आसंल कंदील घेवन."
मग खिडकीबाहेर बोट केलं,
जिथे वर्गीसकाकांची इनोव्हा कव्हर घालून उभी असते.
"तिकरं कोंडी व्हती मिठाची. मी बारा वर्षांचा.
पाय फुटायचं."
पुढे काही नाही. चहा मागितला.

तेव्हापासून लाईट येऊन गेली की
त्यांचा एकच प्रश्न:
"किती वाजले गो तिच्यात?"

राउटरला जागं व्हायला तीनेक मिनिटं लागतात.
तेवढा वेळ डब्यातलं यंत्र
इमानेइतबारे पाणी मोजत असतं
अजून न बांधलेल्या टाकीचं.
०५:३१, एकसष्ट टक्के.
०५:३२, साठ.
सत्तर साली, खाजणावर, चार मजले उंच
नुसत्या हवेत
साठ टक्के पाणी.

मग नेट येतं. यंत्र कुठल्याशा लांबच्या घड्याळाला विचारतं
आणि न अडखळता पुढची ओळ लिहितं, आजची.
दोन ओळींमध्ये बोटभरही जागा सोडत नाही.
बांध कधी फोडला, ते नाही.
आई कोणत्या वर्षी गेली, तेही नाही.

वर्गीसकाका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी विचारलं,
तुमच्या आलेखात डावीकडे ही टिंबं कसली,
पन्नास-पंचावन्न वर्षं लांब?
दुरुस्त करा, ऑडिटला दाखवायचंय.
करते म्हणाले.
सेलवालं छोटं मॉड्यूल एकशेवीसला मिळतं.
मागवलं. आलंसुद्धा.
फ्रीजवर, लाईटबिलांखाली,
पाकिटात तसंच आहे.

काल रात्री लाईट गेली, पावणेतीनला आली.
पंख्याच्या आवाजाने उठले तर
आबा टीव्हीसमोर, पाय वर घेऊन,
चेहऱ्यावर चार बदकांचा उजेड.
वळून न बघताच म्हणाले,
"ती नेटची वायर कारून ठेव जरा.
उजारूं दे."

काढली.
०५:३४, त्र्याऐंशी टक्के.