थंडीचे तास

तीस वर्षं उद्यमनगरात भट्टीपुढं उभे राहिलेले आमचे मगदूम
आता थंडी मोजतात.
पहाटे चारला, कानाला टॉवेल गुंडाळून,
शियेच्या मळ्यात थर्मामीटरवर बॅटरी मारतात
आणि खतवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरवर लिहितात:
चौदा. तेरा. साडेबारा.
एकदा अकरा दिसलं तर मला उठवायला आले,
घरात पोरगं झाल्यासारखे.

पुस्तकात सातच्या खालची थंडी धरतात.
आमच्याकडं सात फक्त घड्याळात वाजतात.
मगदुमांनी सोळाच्या खालचं सगळंच धरलं.
हिशेबात थोडी उधारी चालते, म्हणाले.

खाली पीचचं मूळ, वर आलुबुखार,
आणि आलुबुखारात म्हणे अर्धं रक्त जर्दाळूचं.
ही सोयरीक जुळवली कुणी, मी विचारलं.
सोलनच्या एका मास्तरांनी.
पत्रिका बघितली नसणार.

केरबा बांधावर येतो, ऊस सोडून दुसरं पीक
त्याच्या डोळ्यात मावत नाही.
'एकरी किती टन?'
'दोन झाडं आहेत, केरबा.'
'मग गुंठ्याला किती?'

डिसेंबरात आम्ही दोघांनी पानं खुडली.
धडधाकट, हिरवीगार, एकेक,
देठ मोडायचा तो मेथी निवडल्यासारखा आवाज.
झाडाला वाटलं पाहिजे, हिवाळा येऊन बसलाय.
मला कसंसंच झालं.
माणसाला फसवलं तर तो निदान भांडतो.

पाणी थांबू नये म्हणून बुडाशी
फाउंड्रीतली टाकाऊ काळी वाळू टाकून उंचवटा केलेला.
तरी त्या श्रावणात खोडातून डिंक आलाच,
मधाच्या रंगाचा. मी बोटावर घेऊन चाखला,
चव काहीच नव्हती.
मगदूम गप्प.
कास्टिंगला तडा गेला की असेच गप्प व्हायचे.
मग मोरचूद आणि चुना कालवून खोडाला फासला;
भाचीच्या लग्नात पंगतीला
निळी नखं घेऊन बसले.

फेब्रुवारीत तेवीस फुलं. पांढरी,
कारखान्याची काजळी बसून दुपारपर्यंत करडी.
जोडीच्या झाडाची एकच फांदी जागी झाली.
नातीच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन
ती जाड, भाजलेली बोटं
या फुलातून त्या फुलात,
श्वास धरून.

फळं धरली तीन.
एक माशीनं नासवलं, एक पोपटानं.
तिसरं मे महिन्यात, भर उकाड्यात, आम्ही अर्धं अर्धं केलं.
साल आंबट, आत गोड,
आठळीपाशी परत आंबट.
'कसं आहे?'
'चिंचेपेक्षा बरं.'

आठळी आता फ्रिजमध्ये आहे,
ओल्या वाळूत, दह्याच्या भांड्यामागं.
आईवर जाईल की बापावर
हे सोलनच्या मास्तरांनाही ठाऊक नाही.
दुपारी लाईट जाते.
मी दार उघडत नाही.
मगदुमांना पाणी
माठातलं देते.